दोघांच्या भांडणातले बलाबल

श्रोतेहो, परक्या राजाशी होते त्याला आपण युद्ध म्हणतो, आणि एकाच घरातली माणसे एकमेकांवर शस्त्र घेऊन उठली म्हणजे त्याला यादवी म्हणतो. श्रीकृष्णाचे यादवकुळ आपसांत लढून नाहीसे झाले, त्यावरून हा शब्द आला. खेड्यापाड्यांत यालाच भाऊबंदकी म्हणतात. शब्द दोन असले तरी रोग एकच. फरक इतकाच, की गावातली भाऊबंदकी धानाच्या बांधीपुरती असते आणि राज्यातली यादवी लाखो लोकांच्या जिवावर बेतते.

अशा लढाईला तोंड लागते तेव्हा पहिला प्रश्न हाच निघतो की कोणाचे बळ किती? लोक लगेच मोजू लागतात. याच्याकडे घोडी किती, त्याच्याकडे किल्ले किती, खजिना कोणाचा भरलेला आहे. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. परक्याशी लढाई असली म्हणजे आपले कोण आणि त्यांचे कोण हे आधीच ठरलेले असते. यादवीत तेच ठरायचे असते. आज सकाळी एका बाजूला असलेला सरदार संध्याकाळी दुसऱ्या छावणीत दिसतो. म्हणून यादवीच्या आरंभी बलाबल पाहायचे तर दोन्ही पारड्यांच्या मध्ये अजून उभा असलेला जो तिसरा, त्याच्याकडे आधी पाहावे. तो कोणीकडे झुकतो, कशासाठी झुकतो आणि त्याची किंमत काय घेतो, या तीन गोष्टी कळल्या म्हणजे पुढचे बरेचसे कळते.

आपल्या इतिहासातला याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे १७०७ सालची यादवी. एका बाजूला थोरले शाहू महाराज, दुसऱ्या बाजूला महाराणी ताराबाई. (शिक्षकांनी मुलांना येथे एक सांगून ठेवावे: हे शाहू म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज पुष्कळ नंतरचे.) ही गोष्ट पुण्या-साताऱ्याकडची, तिचा आपल्या वैनगंगेकाठच्या मुलखाशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. तो पुढे ओघाने येईलच.

आधी प्रसंग समजून घेऊ. संभाजी महाराजांना औरंगजेबाने १६८९ च्या मार्च महिन्यात ठार केले. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू, मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. राज्य मात्र बुडाले नाही. संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज जिंजीला गेले आणि तेथून त्यांनी लढा चालू ठेवला. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून कारभार हाती घेतला. सेनापती हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी. त्या वेळी तिचे वय पंचविशीचे. औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून एकेक किल्ला घेत होता, आणि ताराबाईंचे सरदार मोगलांच्या मुलखात शिरून ते किल्ले घेण्याचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करीत होते. सात वर्षे हे चालले. अखेर ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) औरंगजेब वारला. पंचवीस वर्षे दक्षिणेत घालवूनही मराठ्यांचे राज्य त्याला बुडवता आले नाही.

येथे एक मौजेची गोष्ट लक्षात घ्या. बादशहा मरताच मोगलांच्या घरातही यादवी पेटली. त्याचा मुलगा आझमशहा दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे निघाला. त्याच्या छावणीत शाहू महाराजही होते. आता त्यांचे वय पंचवीस झाले होते. भोपाळजवळ, १७०७ च्या मे महिन्यात, शाहू महाराजांना सोडण्यात आले. कोणी म्हणतात सोडले, कोणी म्हणतात निघून जाऊ दिले. अर्थ एकच. झुल्फिकारखान नावाच्या मातब्बर सरदाराने आझमशहाला सल्ला दिला होता, की याला सोडा, म्हणजे मराठे आपसांत लढतील आणि आपली पाठ मोकळी राहील. येसूबाई आणि घरची इतर मंडळी मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतली. म्हणजे या यादवीचा विस्तव मराठ्यांच्या घरातला असला, तरी त्यावर फुंकर घालणारा बाहेरचा होता.

आता दोन पारडी मांडून पाहू.

ताराबाईंच्या पारड्यात काय होते? चालते राज्य होते. गडकोट होते. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी आणि रामचंद्रपंत अमात्य यांच्यासारखे मुरलेले कारभारी होते. सेनापती धनाजी जाधव होता, ज्याच्या नावाची मोगलांना धास्ती वाटे. कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार होते. आणि सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिल्याचा मान होता. ताराबाईंचे म्हणणे असे, की संभाजी महाराजांचे राज्य मोगलांनी घेतले. त्यानंतर जे उभे राहिले ते माझ्या पतीने आणि मी राखले. ज्याने राखले त्याचे राज्य. हे म्हणणे टाकाऊ नव्हते. ज्याने पडीक जमीन मोडून तिची बांधी केली, त्याला तिच्याबद्दल काय वाटते हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

शाहू महाराजांच्या पारड्यात काय होते? सुटले तेव्हा थोडी माणसे. ना किल्ला, ना खजिना, ना फौज. आईसुद्धा शत्रूच्या हाती. त्यातच जून महिन्यात आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत आझमशहा मारला गेला. म्हणजे ज्याने सोडले त्याचा आधारही उरला नाही. त्यांच्याजवळ होते ते एक नाव: शिवाजी महाराजांच्या थोरल्या मुलाचा हा मुलगा. त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, की राजाराम महाराजांनी कारभार केला तो शाहू कैदेत होते म्हणून. धनी परत आला, आता घर त्याचे.

घोडी आणि किल्ले मोजणाऱ्याने त्या मे महिन्यात सांगितले असते, की या तरुणाचा निभाव लागत नाही. पण हिशेबातली एक मोठी रक्कम अजून कोणाच्याच खात्यावर पडली नव्हती. राजाराम महाराजांच्या काळापासून मराठ्यांचे सरदार आपापल्या तुकड्या घेऊन दूरदूरच्या मुलखात मोकळे फिरत होते. खानदेशात, वऱ्हाडात, गोंडवनाच्या सीमेवर त्यांची ठाणी पडली होती. हे लोक ताराबाईंचे म्हणवीत, पण रोजच्या व्यवहारात आपले आपण होते. यादवी सुरू झाली तेव्हा तिसरा तो हाच.

शाहू महाराज नर्मदा उतरून खानदेशात आले. बिजागडचा मोहनसिंग रावळ पहिल्या मदतगारांपैकी. लांबकानीजवळ आणखी माणसे मिळाली. नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर अशी नावे यादीत पडू लागली. पण ज्याच्या येण्याने पारडे हलले तो सरदार वऱ्हाडाकडचा होता: परसोजी भोसले. त्याची फौज मोठी आणि वजन त्याहून मोठे.

इकडे ताराबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी जाहीर केले, की आलेला माणूस शाहू नव्हेच, कोणी तोतया आहे. हा डाव हुशारीचा होता. शाहू महाराजांजवळ फक्त नाव होते, आणि घाव त्या नावावरच घातला होता. सात वर्षांचा मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन परत आला, त्याला ओळखावे कोणी? अशा वेळी परसोजीने शाहू महाराजांबरोबर एका ताटात बसून जेवण केले, असे परंपरेने सांगतात. आज कोणाला ही किरकोळ गोष्ट वाटेल. त्या काळी एका ताटात जेवणे म्हणजे साऱ्या मुलखासमोर दिलेली साक्ष होती. हजार स्वारांनी जे झाले नसते ते त्या एका पंक्तीने झाले. शंका घेणारे बोलेनासे झाले.

ताराबाईंनी आपल्या प्रमुख लोकांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेववली, असे बखरी सांगतात. पण शपथ ज्याला पुन्हा घ्यायला सांगावी लागते, त्याच्या मनात काही चालले आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. सेनापती धनाजी जाधवाच्या मनात चाललेच होते. त्याचे म्हणणे, हा खरा शाहू असेल तर मी धन्यावर तलवार कशी उचलू? खरेखोटे पाहण्यासाठी खंडो बल्लाळ चिटणीस गेला. या माणसाची थोरवी अशी, की त्याच्या बापाला, बाळाजी आवजीला, संभाजी महाराजांच्या आज्ञेने मृत्युदंड झाला होता. त्याच संभाजी महाराजांच्या मुलाची ओळख पटवण्याचे काम त्याच्याकडे आले. घरचा जुना घाव त्याने मध्ये येऊ दिला नाही. हा खरा शाहू, अशी ग्वाही त्याने दिली. धनाजीच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथ भट या कारभाऱ्यानेही याच दिशेने खटपट केली. पुढे पेशवा झाला तो हाच.

पावसाळा सरला. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरुनगराजवळ, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंच्या बाजूने प्रतिनिधी लढला. धनाजी जाधव आपल्या फौजेनिशी बाजूला राहिला आणि शाहू महाराजांना मिळाला. सेनापतीच हलला म्हटल्यावर लढाईत काय उरले? प्रतिनिधीने साताऱ्याची वाट धरली. इतिहासाच्या पुस्तकात खेडची लढाई म्हणून एक ओळ असते. मुलांना वाटते तेथे मोठे रणकंदन झाले. खरे पाहता लढाईचा निकाल मैदानाआधीच लागला होता, कोणाच्या मनात कोण धनी आहे या प्रश्नात. शाहू महाराज पुढे सरकले, त्यांनी सातारा घेतला, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी तेथे त्यांचा राज्याभिषेक झाला. औरंगजेबाच्या मृत्यूपासून अवघे दहा महिने.

या दहा महिन्यांत सगळ्यांनाच सोयीचा रस्ता सापडला असे मात्र नाही. शंकराजी नारायण सचिव याची हकीकत बखरींत आहे. त्याने ताराबाईंपुढे शपथ घेतली होती आणि शाहू महाराज खरे वारस आहेत हेही त्याला पटले होते. शपथ मोडवेना आणि धन्याशी लढवेना. त्या पेचात त्याने आपला देह ठेवला असे सांगतात. यादवीत चांगल्या माणसाची कोंडी होते ती अशी. परक्याशी लढताना भित्र्याची परीक्षा होते, घरातल्या लढाईत प्रामाणिक माणसाची होते.

तर मग राज्याभिषेक झाला आणि यादवी संपली का? नाही, श्रोतेहो. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या आणि तेथून पुन्हा उभ्या राहिल्या. १७०८ मध्येच धनाजी जाधव वारला. त्याचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. पण १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथाशी भांडून तो ताराबाईंकडे गेला आणि पुढे थेट निजामाच्या चाकरीत शिरला. बाप जो ओझे टाकून पारडे जड करून गेला, तेच ओझे मुलाने उचलून नेले. दुसरीकडे ताराबाईंच्या बाजूचा कान्होजी आंग्रे १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या शिष्टाईने शाहू महाराजांकडे आला. त्याच वर्षी पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधली सरहद्द ठरली ती १७३१ च्या वारणेच्या तहाने. दहा महिन्यांत जिंकलेली यादवी मिटायला चोवीस वर्षे लागली!

असे का झाले? कारण जो तिसरा पहिल्या झटक्याला आपल्याकडे येतो, तो दुसऱ्या झटक्याला जाऊही शकतो. आणि बाहेरच्या तिसऱ्याला भांडण मिटावे असे वाटत नसते. १७०९ मध्ये नवा बादशहा बहादूरशहा याच्यापुढे दोन्ही पक्षांचे वकील चौथ-सरदेशमुखीची सनद मागायला उभे राहिले. झुल्फिकारखान शाहू महाराजांची शिफारस करी आणि वजीर मुनीमखान ताराबाईंची. बादशहाने सांगितले, आधी तुमचा खरा धनी कोण ते तुमच्यात ठरवून या. वरवर पाहता किती न्यायाचे बोलणे! पण त्याचा अर्थ, लढा आणि मग या, असाच होता.

आता किंमतीचे पाहू. शिवाजी महाराजांचा कटाक्ष असा, की लष्करी चाकरीबद्दल मुलूख वंशपरंपरा तोडून देऊ नये, रोख पगार द्यावा. राजाराम महाराजांच्या अडचणीच्या काळात ही शिस्त सैल झाली, आणि यादवीने तिची गाठ पुरती सुटली. दोन धनी एकाच सरदाराला बोलावू लागले म्हणजे सरदाराचा भाव चढतो. जो आला त्याला पद, मुलूख, वसुलीचा हक्क द्यावा लागला. शाहू महाराजांनी परसोजी भोसल्याला सेनासाहेबसुभा केले, वऱ्हाडाकडचा हक्क दिला. पुढे मराठ्यांचे साम्राज्य अटकेपर्यंत पोचले हे खरे. पण ते एका हुकमातले राज्य राहिले नाही. पेशवे, भोसले, शिंदे, होळकर, गायकवाड अशा आपापल्या घरांचा तो एक मेळ झाला. त्या मेळाची ताकदही यातलीच आणि दुखणेही यातलेच.

थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू, म्हणजे हा गुण मराठ्यांच्याच रक्तात आहे असे कोणाला वाटणार नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. उत्तरेची लोकसंख्या सुमारे २ कोटी २० लाख, दक्षिणेची सुमारे ९० लाख, आणि त्यांतही ३५ लाखांवर लोक गुलाम. कारखाने बहुतेक उत्तरेत. आकडे पाहिले तर चिंता कसली? तरीही अध्यक्ष लिंकन यांचा जीव मधल्या राज्यांत अडकला होता. केंटकी हे त्यांतले एक मोठे राज्य. तेथे गुलामगिरी होती, पण ते दक्षिणेला मिळालेले नव्हते. त्याने मे १८६१ मध्ये जाहीर केले की आम्ही कोणाचेच नाही. लिंकन यांनी घाई केली नाही. सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या फौजेनेच आधी त्या राज्यात पाऊल टाकले, आणि केंटकीने उत्तरेची बाजू घेतली. तिसऱ्याला आधी कोण दुखावतो, यावरही पारडे फिरते ते असे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मघाशी परसोजी भोसल्याचे नाव घेतले. त्याच्यामागून त्याचा मुलगा कान्होजी आणि त्यानंतर त्याच घराण्यातला रघूजी हे सेनासाहेबसुभा झाले. रघूजी नागपुरात कसा आला? तोही एका यादवीतून. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारल्यावर वलीशहाने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने आपल्या दोन मुलांच्या रक्षणासाठी रघूजीला बोलावले. रघूजीने वलीशहाचा बीमोड केला, मुलांना गादीवर बसवले आणि मोबदला घेऊन परत गेला. काही वर्षांनी त्या दोघा भावांचे, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा यांचे, आपसांत पटेना. रघूजी पुन्हा आला. या वेळी तो परत गेला नाही. बुऱ्हाणशहाला नावाचे राजेपण आणि नेमणूक उरली, सत्ता भोसल्यांची झाली. वाटणी करून द्यायला आलेला पंच घरातच राहिला!

आपल्या गोंदिया जिल्ह्याचा मुलूख, कामठा आणि लांजीकडची जंगले, भोसल्यांच्या अमलात आली ती अशी. (लांजी आज मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे.) कटकच्या मोहिमेत भोसल्यांबरोबर गेलेल्या पवारांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या, त्यांनी जंगल तोडून धानाची शेती वाढवली, असे पवार समाजाच्या परंपरेत सांगतात. मी राहतो त्या कुडव्याच्या आसपासच्या बांध्यांकडे पाहताना मला वाटते, की १७०७ साली खानदेशात एका सरदाराने घेतलेला निर्णय वाहत वाहत येथवर आला आहे.

पण जो दुसऱ्याच्या यादवीतून आला, त्याच्या घरची यादवी चुकली का? रघूजी १७५५ मध्ये वारला. त्याला चार मुलगे. जानोजी वयाने थोरला पण धाकट्या राणीचा, मुधोजी थोरल्या राणीचा. दोघांचा वाद पुण्यात पेशव्यापुढे गेला. जानोजीला गादी आणि मुधोजीला चांद्याचा मुलूख अशी वाटणी झाली. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारला आणि साबाजी व मुधोजी हे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. एकाचा भरवसा पुण्याच्या नारायणराव पेशव्यावर, दुसऱ्याचा राघोबादादावर. पुण्यात वारा फिरला की नागपुरात झाडे हलत. अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या मैदानावर हत्तीवर बसलेला साबाजी मुधोजीच्या गोळीने पडला. भावाच्या हातून भाऊ गेला आणि प्रश्न सुटला, असे म्हणायचे असेल तर म्हणावे.

शेवटचा अंक १८१६ चा. दुसरा रघूजी आयुष्यभर इंग्रजांच्या तैनाती फौजेला नाही म्हणत आला होता. तो वारला. मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळा. कारभार कोणी पाहावा यावर वाड्यात दोन तट पडले. रघूजीचा पुतण्या आप्पासाहेब याला आपला पक्ष बळकट करायचा होता. त्याने त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. घरातल्या विरोधकाला दाबण्यासाठी बाहेरचा पहारेकरी दारात आणून बसवला. पुढच्याच वर्षी परसोजी बिछान्यात मेलेला आढळला आणि आप्पासाहेब राजा झाला. पण पहारेकरी आता उठायला तयार नव्हता. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. आप्पासाहेबाची फौज संख्येने कितीतरी मोठी असूनही हरली. १८१८ मध्ये आमच्या कामठ्याच्या चिमणा पाटलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तोही मोडला गेला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. देवगडच्या घरात भोसले तिसरे म्हणून आले. भोसल्यांच्या घरात इंग्रज तिसरा म्हणून आला. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच रचली नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. यादवीचा धडा शिकवताना फळ्यावर दोनच रकाने काढू नयेत, तीन काढावेत. पहिल्या दोहोंत दोन्ही पक्षांजवळ काय आहे ते लिहावे. तिसऱ्यात अजून न ठरलेले लोक आणि बाहेर उभे असलेले लोक लिहावेत, आणि मुलांना विचारावे: हे कोणीकडे जातील? कशासाठी जातील? आल्याबद्दल काय मागतील? १७०७ चा हा तक्ता मुलांनी स्वतः भरला, तर खेडची तारीख त्यांना पाठ करावी लागणार नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांना मांडू द्यावे. ताराबाईंची बाजू घेणारा मुलगा मराठ्यांचा वैरी ठरत नाही, आणि शाहू महाराजांची घेणारा मोगलांचा हस्तक ठरत नाही. ज्याला दोन्ही बाजू सांगता येतात, त्याला यादवी का होते ते समजू लागते.

आणि शेतावर, पारावर बसून ऐकणाऱ्या आपणा सर्वांना तर हे सोपे आहे. दोन भाऊ बांधावरून भांडतात, तेव्हा सारे गाव त्यांच्याकडे पाहत असते. जाणता माणूस तिसऱ्याकडे पाहतो. एकाला पैसा पुरवणारा कोण, दुसऱ्याला कोर्टाची वाट दाखवणारा कोण, आणि शेवटी सातबारावर नाव कोणाचे चढते? शाहू महाराज आणि ताराबाई दोघेही कर्तबगार होते, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. तरी त्यांच्या भांडणाने सरदारांचा भाव वाढला, रयतेवर दोन दोन वसुल्या आल्या आणि एका हुकमाचे राज्य अनेक घरांत विभागले गेले. वारणेला जो तह १७३१ मध्ये झाला, तशी वाटणी १७०८ मध्ये एकत्र बसून करता आली असती तर? इतिहासात या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या गावात मात्र तो प्रश्न वेळेवर विचारता येतो, तिसरा ओसरीवर येऊन बसण्याआधी.